अर्धवट झालेली फियाट: विकायला निघालेल्या जुन्या गाडीची पार्श्वभूमी

'इंजिन झालंय, पत्रा झालाय, आता फक्त रंग आणि सीटा बाकी.' दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जुनी फियाट किंवा पद्मिनी विकायला निघते तेव्हा बहुधा हेच सांगितलं जातं. यातल्या बऱ्याचशा गाड्या मुंबईत वापरून झाल्यावर चाकरमान्यांबरोबर गावी आल्या आणि मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) उभ्या राहिल्या. झालेल्या कामाला किती मोल द्यायचं हे गाडीच्या सालावर ठरतं, आणि त्याहून जास्त खाऱ्या हवेत तिने काढलेल्या पावसाळ्यांवर.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. 1951 पासून फियाट 500 आली आणि काही वर्षांतच 1100. गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी ही पहिली 1100 म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये चौकोनी वळणाची 1100 डी, अर्थात 'डिलाइट' आली. फियाटचं नाव सुटल्यावर तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि 1974 पासून 'पद्मिनी'. नावं बदलली, पण 68 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोकचं 1089 सीसी चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मुळात तेच राहिलं.

या लांबलेल्या उत्पादनाचा गिऱ्हाइकाला मोठा फायदा आहे. पद्मिनी नव्वदच्या दशकातही बनत होती आणि मुंबईची टॅक्सी तीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरल्यावर रस्त्यावरून उतरली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर यांचा शोध आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घेता येतो. खरी अडचण डिलाइटची ग्रिल, बॅज, टेल लॅम्पच्या काचा आणि निकेलच्या पट्ट्यांची. तेव्हा 'इंजिन बाकी आहे' याला घाबरू नये. 'ग्रिल नंतर मिळेल' म्हटलं, की मात्र भाव पाडून मागावा.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. तळ, दोन्ही बाजूंना दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या म्हणजे सिल, आणि टप मिळून एकच सांगाडा होतो. सिल पोकळ असतात. रस्त्याची जांभ्याची लाल धूळ आत जाते, पावसात तिचा चिखल होतो, पाणी निघायची भोकं त्याने बुजतात आणि पत्रा आतून सडत राहतो. बाहेरून रंग शाबूत असतो. म्हणून रबरी मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायांखालचा पत्रा, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) माउंट, डिकीतली स्टेपनीची जागा आणि दारांच्या खालच्या कडा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहाव्यात. टोक आत शिरलं, तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. लोहचुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बोटाने वाजवलं तर चांगला पत्रा टणटणतो, लांबी ठप्प वाजते.

सिल बदलल्या असतील तर त्या कशा बदलल्या हे दारांच्या फटी सांगतात. दाराच्या चौकटीत आधी लोखंडी अँगल टाकून आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची, ही पद्धत. आधार न देता कापलं की गाडी मधोमध खचते, दाराची फट वर आवळते आणि खाली उघडते. नवी सिल तशीच वेल्ड झाली असेल, तर सगळं पुन्हा कापल्याशिवाय सुधारत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग.

कोकणात सर्वांत जास्त फसगत प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या थरात होते. राखाडी सरफेसर (घासून गुळगुळीत करायचा प्रायमर) मारलेली गाडी तयार दिसते, पण सरफेसर पाणी शोषतो. वरचा रंग न लागता ती एक पावसाळा उभी राहिली, तर गंज प्रायमरखालून धरतो आणि पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत घासावं लागतं. इपॉक्सी प्रायमर असेल तर तो बराच तग धरतो. ताडपत्री घट्ट आवळून बांधलेली असेल तर आत घाम धरतो, त्यापेक्षा चारी बाजूंनी वारा लागणारी पडवी बरी. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: प्रायमर कुठला मारला, आणि मृगाच्या आधी की नंतर?

उभ्या गाडीचं इंजिन सेल्फ मारून फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, रात्रभर ठेवावं आणि मग हाताने फिरवावं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, आणि जुने रबरी पाइप व पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (पडदा) त्याने फुगतात. हे रबर पहिल्याच दिवशी बदलावं. पंप इंजिनालगत असल्याने घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. कशेडी चढताना पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी रीत त्यासाठीच होती. चारही ब्रेक ड्रमचे असतात आणि जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ब्रेकचा दाब एकाच वाटेने जातो, त्यामुळे क्लिपखाली गंजलेला एक पाइप फुटला तरी पेडल तळाला जातं. पाइप सगळे नवे घालावेत.

कागदांत आधी इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावेत. मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं असेल तर त्याची नोंद हवी. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला चालत नाही, आणि सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर नोंदणीच मिळत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणी 5-5 वर्षांनी वाढवावी लागते आणि त्यासाठी गाडी पासिंगला न्यावी लागते. मुदत संपलेली असेल तर घरी आणण्यासाठी टोइंगचा खर्च सौद्यातच धरावा, आणि रंगाआधी ब्रेक व दिव्यांचं काम उरकावं.