लाल दिवा आणि तेलाची पाचर

गेल्या जुलैत चोर्ला घाटातून परत येताना माझ्या आतेभावाच्या गाडीचं इंजिन धरलं. गाडी २००१ सालची, छोटी, पेट्रोलवरची. कणकुंबी सोडल्यावर डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. पाऊस धो-धो, मोबाईलला रेंज नाही. जांबोटीपर्यंत हळूहळू नेऊ, तिथं बघू, असं त्यानं ठरवलं. आधी टकटक आवाज आला, मग ठणठण, आणि मग गाडी जागेवर उभी राहिली. जांबोटी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "दादा, टेंपरेचरचा काटा मध्यावरच होता बघ. गरम झालंच नाही, मग धरलं कसं काय?"

प्रश्न रास्त आहे आणि मी योग्य माणूस आहे की नाही ते माहीत नाही, पण मी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, तपासायचं काम करतो. दिवसभर मायक्रोमीटर आणि क्रँक. या विषयावर मी बोलायला लागलो की घरातली माणसं एकेक करून उठून जातात. तुम्ही जरा बसा.

तेल म्हणजे बुळबुळीतपणा, आणि बुळबुळीतपणामुळे घर्षण कमी, असं आपण शाळेपासून धरून चालतो. बैलगाडीच्या बाबतीत ते बरोबर आहे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकायचं, चाक कुरकुरायला लागलं की आसाला वंगण फासायचं. तिथं लोखंड लोखंडावरच घासतं, वंगण फक्त मधे चोपडलेलं. इंजिनात मात्र गोष्ट वेगळीच आहे. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या गोल कड्याला, जवळजवळ शिवतच नाही. तो तेलावर तरंगतो.

तरंगतो म्हणजे काय? बेअरिंगच्या भोकापेक्षा क्रँकचा गोल भाग, म्हणजे जर्नल, किंचित बारीक असतो. फरक साधारण ०.०५ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. भारामुळे जर्नल एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. आता जर्नल फिरतोय. त्याला चिकटलेलं तेल त्याच्याबरोबर ओढलं जातं, रुंद बाजूकडून निमुळत्या बाजूकडे. तिथं जागा कमी, तेल दाबलं जात नाही, मागून आणखी तेल येतंच आहे. लाकडाच्या ओंडक्यात पाचर ठोकावी तसं ते तेल जर्नल आणि बेअरिंगच्या मधे घुसतं आणि दोघांना अलग करतं. सगळ्यात अरुंद ठिकाणी तेलाचा थर काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण त्यावर सिलिंडरमधल्या पेट्रोलच्या स्फोटाचा सगळा भार पेलला जातो.

मुसळधार पावसात निपाणी-बेळगाव हायवेवर वेगात जाताना स्टिअरिंग अचानक हलकं लागलंय कधी? टायरखाली पाण्याची अशीच पाचर घुसते आणि टायर रस्ता सोडतो. टायरला जे घातक, तेच बेअरिंगचं जीवन.

ही पाचर सापडली ती अपघातानेच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वर बेअरिंग. त्यानं वरून तेल घालायला बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातूनच वर यायला लागलं. बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी प्रेशर गेज लावला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि २०० पौंडांपर्यंतच्या गेजचा काटा शेवटच्या आकड्याच्याही पुढे गेला. पंप कुठेही नव्हता! फिरणारा आसच दाब तयार करत होता. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर उभं आहे. समीकरण इथं देत नाही, पण त्याचा गाभा असा: तेलाचा चिकटपणा गुणिले वेग, भागिले भार. ही संख्या मोठी तर थर जाड, लहान तर थर पातळ, आणि फार लहान झाली की धातूला धातू लागतो. म्हणूनच घाटात चौथ्या गिअरवर इंजिन कण्हत असताना दामटणं वाईट: वेग कमी, भार जास्त.

मग ऑइल पंप काय करतो? तो पाचरीला तेल पुरवतो, एवढंच. बेअरिंगच्या दोन्ही कडांनी तेल सतत गळत असतं, तेवढं भरून काढायचं. पंपाचा दाब दोन-चार बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब), पाचरीतला शेकडो बार. पण पुरवठा थांबला की आतलं तेल काही क्षणांत कडांनी निघून जातं आणि पाचर संपते.

आता आतेभावाचा काटा. समजा एका बेअरिंगवर सरासरी २०० किलोचा भार आहे, जर्नल ५० मिलिमीटरचा आणि मिनिटाला ३००० फेरे. म्हणजे जर्नलचा पृष्ठभाग ताशी २८ किलोमीटरने पळतोय. तेलाच्या थरावर घर्षणाची उष्णता तीसेक वॅट, एका छोट्या बल्बएवढी. कोरडं झालं की तीच दोन किलोवॅटच्या पुढे. म्हणजे बाथरूममधला गीझर, पण पाण्याच्या टाकीऐवजी बोटभर पत्र्याच्या चकतीत. त्या चकतीवरच्या मऊ अस्तरात टिन असतं, टिन २३२ अंशांना वितळतं. हिशेब सेकंदांचा आहे. टेंपरेचरचा सेन्सर मात्र वर, कूलंटच्या पाण्यात बसलेला. खाली गीझर पेटलाय हे त्याला कळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

त्या दिव्याबद्दलही गैरसमज फार. तो दिवा तेलाच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. त्याचं बटण बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३ ते ०.५ बारला लागतं. हायवेच्या वेगाला दोन बारांहून जास्त लागत असताना हा अर्ध्या बारला ओरडतो. थोडक्यात, धावत्या गाडीत तो लागतो तेव्हा इशारा नसतो, बातमी असते. वळणावर क्षणभर लुकलुकला तर मात्र तो इशारा समजायचा: चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातलं, तेल इतकं कमी आहे की एका बाजूला गेलं आणि पंपाच्या जाळीला हवा लागली.

दिवा लागला की क्लच दाबायचा, किल्ली एक घर मागं घेऊन इंजिन बंद करायचं आणि गाडी कडेला घ्यायची. क्लच अशासाठी की गिअरमध्ये उतरणारी गाडी बंद इंजिनालाही फिरवत राहते. किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेकला बूस्टरची साथ दोन-तीन दाबांपुरतीच मिळते, मग पाय जोरात लावावा लागतो. पातळी पट्टीवर बघितल्याशिवाय परत सेल्फ मारायचा नाही. "जरा पुढं नेऊ"ला इथं जागा नाही.

दिवा मुळात चालू आहे ना, हेही बघा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी तो लागलाच पाहिजे. बल्ब उडाला असेल किंवा बटणाची वायर निसटली असेल तर तो कधीच लागणार नाही, आणि मालक खूश की गाडीला काही तक्रार नाही. जनरेटरच्या इंजिनाला तेलाचा दाब पडला की आपोआप बंद व्हायची सोय असते. रस्त्यावर ट्रकच्या पुढे असताना इंजिन स्वतःहून बंद पडणं परवडत नाही, म्हणून गाडीत तसं करत नाहीत. पण दिव्याच्या वायरीवर बझर बसवता येतो, खर्च किरकोळ.

दुकानात 'इंजिनला नवं आयुष्य' देणाऱ्या बाटल्याही मिळतात. तेलात ओता, तेल संपलं तरी इंजिन चालेल म्हणे. असल्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात कारवाईही केली होती. आत्या म्हणते नजर लागली, खंडेनवमीला चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं. लिंबू ठेवावं, माझी हरकत नाही, पण ठेवायला वाकलाच आहात तर चेंबरखाली तेलाचा थेंब आहे का तेही बघून घ्या.

कारण आमच्या गाडीत तसंच झालं होतं. आठ दिवसांपूर्वी एका गॅरेजात तेल आणि फिल्टर बदलला होता. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि नवा फिल्टर, नवी रिंग घेऊन, तिच्यावरच आवळला गेला. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. काही दिवस निभावतं, मग घाटात, इंजिनाचे फेरे वाढल्यावर, एक रिंग बाहेर सरकते. छोट्या इंजिनाचा पंपही मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज फिरवतो, चेंबरात तेल जेमतेम तीन लिटर. पंधरा-वीस सेकंदांत सगळं रस्त्यावर. फिल्टर काढल्यावर जागेवर बोट फिरवून रिंग निघाली का बघणं, आणि नवा लावल्यावर इंजिन चालू ठेवून खाली वाकून बघणं, एवढ्याचाच प्रश्न होता.

त्या गाडीचं एक बेअरिंग माझ्या टेबलावर आहे. करडं, गुळगुळीत असायला हवं ते तांबूस, खरवडलेलं, एका कडेला मेणासारखं ओघळलेलं. क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटरने बारीक केला, त्या मापाची बेअरिंगं घातली. गाडी परत चालते. बझरही बसवलाय. किल्ली फिरवली की तो कर्कश वाजतो आणि इंजिन चालू झालं की गप्प होतो. आत्याला तो आवाज खपत नाही, दर वेळी म्हणते, "ते काढून टाक की रे." आतेभाऊ काढत नाही.