नावडतीचं मीठ अळणी: बिअर आणि सायडरची तुलना करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे चव घ्यायला येणाऱ्यांना आम्ही आधी दोनच प्रश्न विचारतो. कुठली आवडते? आणि कुठली अजिबात नको? पहिल्याचं उत्तर बहुधा गुळमुळीत येतं: "हलकी असावी", "छान लागते ती". दुसऱ्याचं मात्र ठासून येतं. "स्टाउट नको, जड असते." "आयपीए म्हणजे निव्वळ काढा." "सायडर? ते तर सरबत!" आमच्या कामाला येतं ते हे दुसरं उत्तर. नक्की काय खटकलं ते समजलं की आवडेल अशी बाटली शोधणं सोपं जातं. म्हणून बाटलीच्या नावापेक्षा खटकलेली चव सांगा. ती कशी ओळखायची, त्यासाठी हे पत्रक.

"कडू लागते"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यातच असतो, कारण तीन वेगवेगळ्या चवींना आपण एकच शब्द वापरतो.

पहिला कडूपणा हॉप्सचा. हॉप्स ही एका वेलीची फुलं. ती उकळताना बिअरमध्ये कडवटपणा उतरतो. तो आयबीयू या एककात मोजतात. अगदी सौम्य लागरचा (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरचा) आकडा साधारण 8 ते 12, चांगल्या पिल्सनरचा (लागरचाच जास्त हॉप्सचा प्रकार) 25 ते 45 आणि भरपूर हॉप्सच्या अमेरिकन आयपीएचा 40 ते 70. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. 40 आयबीयूची बिअर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोडव्याने भरलेली असेल तर गुळगुळीत लागते, आणि तोच आकडा कोरड्या, सडसडीत बिअरमध्ये जिभेला चांगलाच झोंबतो.

दुसरा कडूपणा भाजल्याचा. स्टाउटचा काळा रंग करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीतून येतो आणि तिची चव बिनसाखरेच्या कॉफीच्या जवळ जाते. कोरी कॉफी आवडीने पिणारा माणूस "मला कडू बिअर चालत नाही" म्हणतो, तेव्हा आम्ही हळूच त्याच्यासमोर स्टाउट ठेवतो. दर वेळी जमतंच असं नाही, पण बरेचदा जमतं.

तिसरा तर कडूपणा नव्हेच, तो तुरटपणा. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने तोंड आवळल्यासारखं होतं, तसा. हा टॅनिन या द्रव्याचा गुण आणि तो मुख्यतः सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या मद्यात, भेटतो. मराठीत कडू आणि तुरट हे दोन शब्द पहिल्यापासून वेगळे आहेत, तेव्हा ते वेगळेच वापरा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.

आणि हॉप्सचा कडूपणाच नको असेल तर बव्हेरियाची गव्हाची बिअर, वाइसबिअर, घेऊन पाहा. तिचा आकडा साधारण 8 ते 15. तिच्यात पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते. ही सगळी करामत यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांची.

काळी म्हणजे जड?

नाही. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल सुमारे 4.2 टक्के, म्हणजे कित्येक सोनेरी लागरांपेक्षा कमीच. ती जड भासते ती नायट्रोजनमुळे. 1959 साली गिनेसने कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरायला सुरुवात केली. त्याचे बुडबुडे फार बारीक असतात, म्हणून फेस सायीसारखा दाट होतो आणि घोट मऊ लागतो. डोळ्यांना काळा रंग दिसतो, जिभेला साय लागते आणि मन म्हणतं, जड आहे. उलट्या बाजूने, सोनेरी रंगाची एखादी बेल्जियन ट्रिपेल 8-9 टक्क्यांची निघते आणि तिला कोणी जड म्हणत नाही. निदान उठून उभं राहीपर्यंत तरी नाही!

बिअर नावडती, की बाटली बिघडलेली?

एखाद्या बिअरला कायमचं बाद करण्याआधी एवढं तपासा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र, कुबट वास मारतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडा आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली थोड्या वेळातही बिघडू शकते. (काही उत्पादक उजेडाने न बिघडणारा हॉप्सचा अर्क वापरतात, त्यामुळे प्रत्येक पारदर्शक बाटली संशयित धरू नका.) ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बिअर जुनी झाली आहे, तिला हवा लागली आहे. लोण्याचा वास बहुधा डायअसेटिलचा, म्हणजे आंबवण्याचं काम घाईत उरकलं गेलं.

ग्लासही पाहा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. तेलकटपणा राहिला असेल तर फेसही टिकत नाही.

राहिलं तापमान. बर्फासारख्या थंड बिअरची चवच लागत नाही, कारण गारठ्याने जीभ बधिर होते आणि वास वर उठत नाही. सौम्य लागर 4 ते 7 अंश सेल्सिअसला ठीक. एल (जरा उबेत आंबवलेली बिअर) आणि स्टाउटला 8 ते 12 द्या. गार असताना "काहीच चव नाही" म्हणून बाजूला सारलेला ग्लास दहा मिनिटांनी पुन्हा उचलून पाहा.

सायडर: सगळी गोड नसते

सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. अमेरिकेत नुसत्या रसालाही सायडर म्हणतात, म्हणून तिथे मद्याला "हार्ड सायडर" हे नाव पडलं. "सायडर गोड असते" ही समजूत गोड केलेल्या सायडरवरून आली आहे. रस पूर्ण आंबू दिला तर यीस्ट जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकतं आणि सायडर ठणठणीत कोरडी होते. बाटलीतला गोडवा नंतर घातलेला असतो, नाहीतर आंबणं मध्येच थांबवून राखलेला. फ्रान्सच्या नॉर्मंडीत सायडर करणारे रसातली पोषकद्रव्यं कमी करून यीस्टला मंदावतात, त्यामुळे रसाचा मूळ गोडवा उरतो. लेबलवर "डू" लिहिलं असेल तर ती गोड आणि अल्कोहोल 3 टक्क्यांच्या आत असलेली; "ब्रूट" असेल तर कोरडी.

फरक पडतो तो सफरचंदामुळेही. इंग्लंडमध्ये सायडरच्या सफरचंदांचे चार वर्ग मानतात: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. डॅबिनेट तिसऱ्यातलं, किंग्स्टन ब्लॅक चौथ्यातलं. नुसतीच खायला घेतलीत तर तोंड वाकडं होईल, पण सायडरला अंग येतं ते यांच्यामुळेच. स्पेनमधल्या अस्तुरियासची सायडर आंबट आणि बिनफेसाची असते. ती डोक्यावरून उंच धार धरून ग्लासात थोडीशीच ओततात आणि लगेच पितात. धार आपटल्याने तिच्यात क्षणभर जीव येतो. सायडरला "सरबत" म्हणणाऱ्याला आम्ही हीच देतो. बहुतेक जण गप्प होतात, काही जण "व्हिनेगर!" म्हणतात. दोन्ही उत्तरं आम्हाला उपयोगी.

घरी तुलना करायची तर

1964 साली अमेरिकेत अॅलिसन आणि उल या संशोधकांनी नेहमी बिअर पिणाऱ्यांना लेबलं काढलेल्या बाटल्या दिल्या. बहुतेकांना आपला आवडता ब्रँड ओळखता आला नाही. लेबलं परत लावल्यावर मात्र त्याच बिअरला जास्त गुण मिळाले. नावडतीचं मीठ अळणी लागतं ते असं. तेव्हा ओतायचं काम एकाने करावं, बाकीच्यांनी बाटल्यांकडे बघू नये आणि प्रत्येकाने आपलं मत आधी लिहावं, मग बोलावं. पहिला मोठ्याने बोलला की बाकीच्यांची जीभ त्याच्यामागे जाते.

सौम्याकडून तीव्राकडे चला. आयपीएनंतर लागर पाण्यासारखी लागते आणि गोड सायडरनंतर प्रत्येक बिअर कडू. मध्ये साधं पाणी प्या. एका वेळी चार-पाच नमुने पुरेत, प्रत्येकी दोन-तीन घोट.

टक्के वाचूनच ओता. 5 टक्क्यांच्या 330 मिलि बिअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, 7.5 टक्क्यांच्या 500 मिलि सायडरमध्ये जवळपास 30. "एकेकच घेतली" हे दोघांचंही खरं, पण दुसऱ्याने दुपटीहून जास्त घेतलेली असते. गाडी चालवायची असेल, औषधं चालू असतील किंवा पोटात बाळ असेल तर चव घ्यायलाही नको. कायद्याने ठरलेल्या वयाखालच्यांना आम्ही देत नाही, तुम्हीही देऊ नका.

येताना नोंदीचा कागद बरोबर आणा. नावं आठवली नाहीत तरी चालेल. "तुरट चालतं, भाजलेलं नको, फेस बारीक हवा" एवढं लिहिलेलं असलं तरी आम्हाला पुढची बाटली काढता येते.