पस्तीसची हवा पंधरावर: वाळूच्या टेकडीवर गाडी चालते कशी?

पुण्यातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाला "चारही चाकांत पंधरा ठेव" असं सांगून बघा. तो एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा टायरकडे, आणि "साहेब, पंक्चर आहे का?" असं विचारेल. दुबईजवळच्या लहबाब वाळवंटातल्या लाल वाळूत मात्र, टेकड्यांवर गाडी चढवण्या-उतरवण्याच्या सकाळच्या सहलीची सुरुवात याच कामाने होते. डांबरी रस्ता संपला की गाड्या रांगेत थांबतात, ड्रायव्हर उतरून व्हॉल्व्हची पिन दाबतात आणि पस्तीसच्या आसपास असलेला दाब पंधरा ते अठरा पीएसआयवर आणतात. (पीएसआय म्हणजे इथे फौजदार नव्हे, एका चौरस इंचावर किती पौंड दाब आहे ते.) प्रवासी तेवढ्या वेळात फोटो काढत असतात. सगळ्या सहलीतलं सर्वांत महत्त्वाचं काम त्यांच्या पाठीमागे उरकत असतं.

गणित साधं आहे. माणसांसकट गाडीचं वजन २,८०० किलो धरलं, तर एका चाकावर साधारण ७०० किलो येतात. टायरमध्ये ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.४६ किलो दाब असेल, तर हे ७०० किलो पेलायला सुमारे २८५ चौरस सेंटीमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. ए-फोर कागदाच्या अर्ध्याहून थोडी कमी. दाब १५ वर आणला की हीच जागा सुमारे ६६५ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे पूर्ण कागदाहून थोडी जास्त. टायरच्या भिंतीही काही भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा थोडे कमी भरतील, पण दुपटीचा हिशेब टिकतो. गंमत म्हणजे टायर रुंदीला फारसा पसरत नाही, लांबीला पसरतो. चाक गोल असूनही रणगाड्याच्या पट्ट्यासारखं लांबट टेकू लागतं. उंटाचा पसरट, गादीसारखा पाय हेच काम करतो.

हे शहाणपण शंभरेक वर्षं जुनं आहे. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२० आणि ३०च्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात हिंडला. टायर सैल करणं, रुतलेल्या चाकाखाली पन्हळी पोलादी पट्ट्या सरकवणं, रेडिएटरमधून उडणारी वाफ डब्यात पकडून पुन्हा पाणी करणं, या युक्त्या त्याच्या तुकडीने वापरून पक्क्या केल्या. मग लंडनला परतून त्याने वाऱ्याचा बोगदा बांधला आणि वाळूचा कण वाऱ्यावर कसा उडतो, हे मोजत बसला. सहलीतले आजचे ड्रायव्हर ज्या वाटा निवडतात, त्यांमागचं शास्त्र तिथूनच सुरू होतं.

ताशी साधारण २० किलोमीटरच्या पुढे वारा गेला की कोरडी वाळू हलू लागते. कण हवेत तरंगत मात्र नाही. तो उडी मारतो, थोडं पुढे जाऊन आपटतो, आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. वाऱ्याच्या बाजूचा टेकडीचा उतार या अखंड ठोकाठोकीने चोपून घट्ट होतो. तो सौम्यही असतो, साधारण १० ते १५ अंश. माथ्यावर पोहोचलेले कण पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, नुसते ओघळतात. तिथे ठोकणारं कुणी नसतं, म्हणून ती बाजू भुसभुशीत राहते आणि उभी होत होत ३२ ते ३४ अंशांवर थांबते. इंजिनिअर मंडळी याला 'अँगल ऑफ रिपोज' म्हणतात: सुट्या दाण्यांचा ढीग याहून उभा राहूच शकत नाही, वरून आणखी टाकलं की घसरतं. कोथरूडमध्ये एखाद्या बांधकामापुढे ढीग पडलेला असेल तर बघा. पण हल्ली तिथे बहुधा क्रश सँड असते, बेसाल्ट फोडून केलेली. तिचे दाणे टोकदार, एकमेकांत अडकणारे, म्हणून तो ढीग जास्त उभा राहतो. वाळवंटातले दाणे हजारो वर्षं एकमेकांवर घासून गोल झालेले, तिळाहून बारीक आणि चिकणमातीचा अंशही नसलेले. लहबाबची लाली ही दाण्यांवर चढलेल्या आयर्न ऑक्साइडच्या पातळ थराची, साध्या भाषेत गंजाची.

यातून चालवण्याचा पहिला नियम निघतो: चढायचं वाऱ्याच्या बाजूने, उतरायचं आडोशाच्या बाजूने. आखातात 'शमाल' नावाचा वारा वायव्येकडून येतो. पण टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे कुठली बाजू कुठली हे दर वेळी डोळ्यांनीच ठरवावं लागतं. इथे सकाळ कामाला येते.

सकाळच्या सहलीची जाहिरात सूर्योदयाच्या फोटोंवर होते. तिचा खरा फायदा सावल्यांचा आहे. सूर्य खाली असताना प्रत्येक माथ्याची, प्रत्येक खड्ड्याची सावली पडते आणि उतार वाचता येतो. भर दुपारी सगळी वाळू एकाच रंगाची, सपाट दिसते. पुढे तीन मीटरचा तुटलेला उतार आहे हे बोनेट खाली वाकल्यावर कळतं.

दुसरा फायदा ओलाव्याचा. दोन दाण्यांमध्ये पाण्याचा सूक्ष्म थेंब अडकला की पृष्ठताणामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. किनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला यावरच उभा असतो. आखाताच्या किनारपट्टीवर हिवाळ्यात पहाटे दव आणि धुकं पडतं, त्यामुळे वाळूचा वरचा थर थोडा आवळलेला असतो. ऊन चढलं की तो सुकून सुटा होतो. "गरम वाळू मऊ होते" असं ड्रायव्हर म्हणतात, ते अनुभवाने बरोबर आहे, पण दोष उष्णतेपेक्षा गेलेल्या ओलाव्याचा आणि टायरचा आहे. टायर १० अंशांनी तापला की पस्तीसचा दाब सुमारे दीड ते पावणेदोन पीएसआयने वाढतो. पंधरावर वाढ याहून कमी असते, तरी वाळूत झगडून टायर बराच तापतो आणि दाब अठराच्या पुढे सरकू शकतो. मधल्या थांब्यावर पुन्हा दाब मोजायचं गेज लावणारा ड्रायव्हर दिसला तर तो जाणता आहे असं समजा.

कोकणात गाडी किनाऱ्यावर नेऊन रुतवणाऱ्या पुणेकरांना हा धडा महागात पडतो. पाण्याजवळची ओली वाळू डांबरासारखी वाटते म्हणून धीर चढतो. परत येताना वरची कोरडी वाळू चाकं गिळते, वर टायरमध्ये तेहतीसची हवा. तोवर भरती येते. पाणी पूर्ण भरलेल्या वाळूत दाण्यांना धरणारा पृष्ठताण उरत नाही, म्हणून लाट फिरली की उभी गाडी आणखी खाली बसते.

आता वेग. डांबरावर चाक फिरवायला गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. सुट्या वाळूत तो २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो, कारण चाक सतत स्वतःपुढे वाळूचा बांध ढकलत असतं. म्हणून चढाच्या आधी वेग साठवून ठेवावा लागतो. विरोध अजिबात नसता तर ताशी ४० किलोमीटरच्या वेगावर गाडी सव्वासहा मीटर उंच चढली असती, ६० वर सव्वाचौदा मीटर. वेग दीडपट, उंची सव्वादोनपट. प्रत्यक्षात वाळू यातला बराच भाग खाते आणि इंजिन तो भरून काढतं. पण हीच ऊर्जा माथ्यावर शिल्लक राहिली तर गाडी हवेत जाते आणि पलीकडे नाकावर उतरते. त्यामुळे चांगला ड्रायव्हर माथ्याच्या थोडं आधी पाय सैल करतो, गाडी काटकोनात माथा ओलांडते आणि नाक खाली वळल्यावर मग उतरते. पाय फार लवकर सोडला तर गाडीचं पोट माथ्यावर टेकतं आणि चारही चाकं अर्धवट लोंबकळतात.

ट्रॅक्शन कंट्रोल आधीच बंद केलेलं असतं. चाक घसरलं की ही यंत्रणा इंजिनची ताकद कापते, आणि वाळूत चाकं थोडी घसरणारच. नेमकं चढावर ती दगा देते. ब्रेकही जोरात मारायचा नसतो. चाकांपुढे वाळूची भिंत तयार होते आणि पुन्हा निघताना तीच आडवी येते. पाय काढला की वाळू स्वतःच गाडी थांबवते. थांबताना नाक उताराकडे.

आडव्या उतारावर मात्र जाणत्यांचाही चेहरा गंभीर होतो. चाकांमधलं अंतर १६५ सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य ८० सेंटीमीटरवर धरला, तर कागदावर गाडी सुमारे ४६ अंशांपर्यंत उलटत नाही. पण वाळूत खालची चाकं जास्त रुततात, स्प्रिंग खालच्या बाजूला दबतात, आत बसलेली माणसंही तिकडेच झुकतात. उतरताना मागचा भाग आडवा सरकू लागला तर उपाय उलटा वाटतो: ब्रेक सोडायचा, स्टिअरिंग उताराकडे वळवायचं आणि हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे गाडी पुन्हा सरळ होते. छतावर आतून बसवलेला रोल केज (पोलादी नळ्यांचा सांगाडा) आणि प्रत्येक सीटचा पट्टा यासाठीच असतात. गाडीत पट्टा तुटका असेल तर ती सहल नाकारावी, भिडेखातर बसू नये.

सहलीतल्या क्वाड बाइकचं, म्हणजे मोटारसायकलसारखं वर बसून चालवायच्या उघड्या चारचाकीचं (हीच एटीव्ही), गणित आणखी कडक आहे. चाकांमधलं अंतर ९० सेंटीमीटर, स्वारासकट गुरुत्वमध्य ७० वर धरा: उलटण्याचा कोन सुमारे ३३ अंश. टेकडीच्या आडोशाच्या बाजूचा उतारही तेवढाच! तिथे क्वाड आडवा घेणं म्हणजे सरळ लोळण. तीनचाकी प्रकार तर इतके उलटायचे की अमेरिकेत १९८८ मध्ये उत्पादकांनी सरकारशी करार करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली.

लोणावळा-मुळशीकडे मातीच्या ट्रॅकवर एटीव्ही चालवलेल्यांनाही वाळूत तो वेगळाच वाटतो. टायरमध्ये जेमतेम ४ ते ७ पीएसआय हवा असते (साधा गेज एवढ्या खाली नीट दाखवत नाही, वेगळा लागतो). सहलीतल्या बहुतेक क्वाडना मागच्या आसाला डिफरन्शियल नसतो, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना आतलं चाक घसरल्याशिवाय वाहन वळतच नाही. म्हणून शरीर वळणाच्या आत झुकवायचं, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर टाकायचं. चढताना पुढे, उतरताना मागे. स्कूटीची सवय असलेला पुणेकर हमखास एक चूक करतो: तोल गेला की पाय खाली टेकवतो. मागचं चाक त्याच पायावर चढतं. पाय फूटरेस्टवरच ठेवायचे, बूट बंद हवेत. ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरून मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो, त्यामुळे सुरुवातीची पाच मिनिटं सपाट जागेवर सोडणं आणि थांबणं एवढाच सराव करावा. हँडलपासून मनगटाला बांधायची दोरी मिळाली तर जरूर बांधा. स्वार पडला की ती निघते आणि इंजिन बंद होतं. मागे उंच काठीवरचा झेंडा शोभेचा नाही, माथ्यापलीकडून येणाऱ्याला तोच आधी दिसतो.

रुतलात तर पहिलं काम म्हणजे काही न करणं. चाक फिरवत राहिलात की ते स्वतःचा खड्डा खणतं आणि पोट टेकतं. आधी आलेल्या चाकोरीतून मागे जाऊन बघायचं, कारण ती वाळू दाबलेली असते. नाही जमलं तर पोटाखालची आणि चाकांपुढची वाळू फावड्याने काढायची, हवा बारापर्यंत आणायची. बाराहून कमी हवेवर वेगाने वळलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. दोर लावायचा तो चॅसिसच्या हुकलाच, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला (टो-बॉलला) कधीच नाही. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो.

गाडी उसळताना आपल्या पोटात ढवळतं, त्याचं कारण कानात आहे. अंतर्कर्ण सांगतो आपण उसळतोय, डोळे मोबाइलवर असतील तर ते सांगतात आपण स्थिर आहोत. पुढच्या सीटवर बसून क्षितिजाकडे बघितलं की भांडण मिटतं. निघण्याआधी दीड-दोन तास पोहे चालतील, मिसळ नको. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, पण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. ती घेतली तर त्या दिवशी क्वाड सोडा. गरोदर महिला, मणक्याचा किंवा हृदयाचा त्रास असणारे आणि लहान मुलं यांनी टेकड्यांचा भाग टाळावा. हिवाळ्यात पहाटे स्वेटर लागतो, हेही सांगून ठेवलेलं बरं.

टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर एखादं विरळ झाड दिसेल. तो गाफ, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. राजस्थानच्या थर वाळवंटात त्याला खेजडी म्हणतात आणि आपण शमी. पाण्याच्या शोधात त्याची मुळं कित्येक मीटर खोल जातात. हलत्या टेकडीवरच्या चाकोऱ्या वारा दोन दिवसांत पुसतो, झुडपांनी धरलेल्या सपाटीवरच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात. म्हणून गाड्या तिथे ठरलेल्या वाटेनेच जातात. ड्रायव्हरला तिथून "जरा शॉर्टकट" मारायला सांगू नये.

परतताना डांबर लागलं की कॉम्प्रेसर निघतो आणि चारही टायर भरायला वीसेक मिनिटं सहज जातात. गाडीत भूक लागलेली असते, कुणीतरी "चला हो, हॉटेलवर भरू" म्हणतंच. पंधरा पीएसआयवर टायरच्या भिंती दर फेरीला दुमडतात आणि तापतात. हायवेवर ताशी शंभरने गेलं तर रबर आतून सुटू लागतं आणि टायर फुटू शकतो. ड्रायव्हरला भरू द्या. टायर तापलेले असताना गेज थोडं जास्त दाखवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलायच्या आधी, तो आकडा पुन्हा बघितला जातो.