खिडकी घेण्याआधी तिचा काप पाहा

कडाक्याच्या थंडीत, पहाटे, ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहा. काच दुहेरी असेल तर ती मधोमध कोरडी लागते, पण खालच्या पट्टीवर बोट ओलं होतं. घरात २० अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ९ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. म्हणजे चौकट त्याहून थंड झालेली आहे. चांगली काच घेऊनही घरातली ऊब तिथून निघून चालली आहे, हेच ते पाणी सांगतं.

ॲल्युमिनियम ही खिडक्यांसाठी खरोखर गुणी धातू आहे. वजनाला पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, गंजून झडत नाही, वाळवी लागत नाही, पावसाने फुगत नाही. चौकटीच्या बारीक पट्टीवरही मोठी काच तोलून धरते, त्यामुळे उजेड जास्त मिळतो. दोष एकच, पण मोठा. उष्णता तिच्यातून सरसर वाहते. लाकडाशी तुलना केली तर हजार पटींहूनही जास्त.

खिडकी किती उष्णता जाऊ देते हे सांगायला यू-मूल्य वापरतात. आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. जितका कमी तितकं बरं. साधी एकेरी काच ५.७ च्या आसपास असते. हवेची पोकळी असलेली दुहेरी काच २.८ वर येते, आणि खास लेप व आर्गॉन वायू असेल तर १.२ पर्यंत उतरते. जाहिरातीत हा शेवटचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण तो फक्त काचेचा असतो.

आता एक छोटा हिशेब करू. समजा खिडकीच्या क्षेत्रफळात पाचवा हिस्सा चौकटीचा आहे, काच १.२ ची आणि चौकट साध्या ॲल्युमिनियमची, म्हणजे सुमारे ६ ची. काचेच्या वाट्याला ०.८ गुणिले १.२, म्हणजे ०.९६ येतात. चौकटीच्या वाट्याला ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२. एक पंचमांश चौकट उरलेल्या चार पंचमांश काचेपेक्षा जास्त उष्णता घालवते! काचेच्या कडेला होणारी गळती तर अजून धरलेलीच नाही. म्हणून विक्रेत्याकडे संपूर्ण खिडकीचं यू-मूल्य मागा. काचेचं वेगळं सांगितलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका.

यावर उपाय सरळ आहे, धातूचे दोन तुकडे करायचे. बाहेरचं प्रोफाइल, म्हणजे चौकटीची धातूची पट्टी, वेगळं, आतलं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिअमाइडच्या पट्ट्या. याला थर्मल ब्रेक म्हणतात. पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच्या घराण्यातलं प्लास्टिक. त्यात साधारण एक चतुर्थांश काचतंतू मिसळतात, आणि तरीही ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतं. काचतंतू घालण्याचं कारण मला फार आवडतं. साधं प्लास्टिक उन्हात धातूपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे रोजच्या तापण्या-निवण्यात सांधा सैल झाला असता. तंतूंमुळे पट्टी मजबूत होते आणि तिचं प्रसरण धातूच्या जवळपास येतं. मग प्रोफाइलच्या खाचेला दाते पाडून, पट्टी आत सरकवून, रोलरखाली खाचेच्या कडा तिच्यावर घट्ट दाबतात.

हे सगळं बाहेरून दिसत नाही. रंग चढवल्यावर साधी चौकट आणि थर्मल ब्रेकची चौकट जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून दुकानात कापलेला नमुना हातात मागून घ्या. दोन धातूंच्या मध्ये काळी पट्टी दिसली पाहिजे, आणि ती जितकी रुंद तितकी चांगली. चौकटीत पट्टी आहे पण उघडणाऱ्या शटरमध्ये नाही, असंही आढळतं. दोन्हींचा काप पाहा.

काचेच्या बाबतीत घरबसल्या करता येणारी एक सुंदर परीक्षा आहे. अंधार पडल्यावर दुहेरी काचेसमोर मेणबत्ती धरा आणि जरा तिरकं पाहा. चार प्रतिबिंबं दिसतील, कारण दोन काचांना चार पृष्ठभाग असतात. त्यातलं एक रंगाने वेगळं, गुलाबीसर किंवा हिरवट दिसलं, तर त्या पृष्ठभागावर चांदीचा लेप आहे. हा थर अवघा १० ते १५ नॅनोमीटर जाडीचा असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी! खोलीतल्या वस्तू जी अदृश्य अवरक्त उष्णता बाहेर टाकतात, ती हा थर परत पाठवतो. उष्ण हवामानात तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. घरात उभं राहून मोजलं तर तिसरं प्रतिबिंब वेगळं दिसेल. थंड हवामानात उन्हाची ऊब घरात हवी असते, म्हणून तो आतल्या काचेच्या पोकळीकडच्या अंगाला असतो आणि दुसरं प्रतिबिंब वेगळं दिसतं.

उष्ण प्रदेशात यू-मूल्याइतकाच, बहुधा त्याहून महत्त्वाचा, सौर उष्णता गुणांक असतो. काचेवर पडलेल्या उन्हाचा किती हिस्सा उष्णता म्हणून आत येतो, हे तो सांगतो. साध्या काचेला तो ०.८ च्या पुढे असतो, निवडक लेपाच्या काचेला ०.३ च्या आसपास. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणारी असते. ती अडवून उजेड तेवढा आत घेणारी काच मिळते, त्यामुळे गडद काच लावून भरदिवसा दिवे लावत बसायचं कारण नाही.

उघडण्याची पद्धतही ऊर्जा वाचवते किंवा वाया घालवते. स्लायडिंग खिडकी सरकावी म्हणून तिथे सहसा ब्रश लावलेला असतो, आणि ब्रशमधून वारा शिरतोच. बिजागरीची खिडकी किंवा दार बंद होताना रबराचं गॅस्केट दाबलं जातं, म्हणून ते जास्त हवाबंद. कागदाची पट्टी मध्ये ठेवून शटर बंद करा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे गॅस्केट नीट बसलेलं नाही. बाल्कनीच्या दाराचा उंबरठा मात्र आवर्जून तपासा, तिथली फट सर्वात जास्त दुर्लक्षित असते.

खिडकी बसवताना चौकट आणि भिंत यांच्यातली फट भिंतीच्या जाडीत आतपर्यंत पूर्ण भरून घ्या. वरून सिलिकॉनची रेघ ओढली की काम संपत नाही. आणि खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची छिद्रं त्याच सिलिकॉनने बुजली नाहीत ना, हे कामगार जाण्याआधी पाहा. पाणी साचलं की दुहेरी काचेच्या कडेचं सील सतत ओलं राहतं, हळूहळू निकामी होतं आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते कुठूनही पुसता येत नाही, काचच बदलावी लागते.