साठी, बुद्धी आणि मॅग्नेशियमचं बूच

निवृत्त झाल्यावर आत्यानं नवी भाषा शिकायला घेतली. वही केली, शब्द उतरवले, पिवळ्या मार्करनं रंगवले आणि रोज सकाळी तीच पानं लागोपाठ चारदा वाचली. दुसऱ्या आठवड्यात वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "साठी बुद्धी नाठी रे, काही राहत नाही डोक्यात."

म्हणीत तथ्य नाही असं नाही. माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आतबाहेरच शिखर गाठतो आणि मग उतरतो. पण २०१५ मध्ये जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मिन या संशोधकांनी सुमारे ४८ हजार लोकांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा शब्दसंग्रह पन्नाशी ओलांडल्यावरही वाढताना दिसला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी दर्जेदार शिक्षणाच्या उद्दिष्टात 'आयुष्यभर शिकण्याच्या संधी' घातल्या. संधी मिळेल हो, पण शिकण्याचं यंत्र तेवढं टिकतं का?

ते यंत्र मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन चेतापेशींच्या सांध्याला सायनॅप्स म्हणतात. अलीकडची पेशी त्यात ग्लुटामेट नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर दोन प्रकारची दारं असतात. 'एएमपीए' हे साधं दार: ग्लुटामेट चिकटलं की उघडतं आणि सोडियम आत जातं. दुसरं 'एनएमडीए' खट्याळ. ग्लुटामेट चिकटलं तरी त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बुचासारखा अडकलेला असतो. पेशीचा आतला भाग ऋणभारित, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. त्या ओढीनं धनभारित मॅग्नेशियम तिथं रुतून बसतं. पेशी स्वतः आधीच उत्तेजित असेल, तरच ती ओढ सैल होते आणि बूच निघतं. म्हणजे शेजारी बोलला पाहिजे आणि त्याच क्षणी आपणही जागं असलं पाहिजे. दोन्ही जुळलं की कॅल्शियम आत येतं, 'कॅमके-२' नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि पृष्ठभागावर आणखी एएमपीए दारं बसवली जातात. पुढच्या वेळी तोच निरोप जास्त मोठ्यानं ऐकू येतो. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी सांध्याची अशी तासन्‌तास टिकणारी बळकटी सशांच्या मेंदूत पाहून १९७३ मध्ये मांडली; बुचाचा उलगडा व्हायला १९८४ उजाडलं.

वयात येईपर्यंत एनएमडीएचा एक घटक बदलतो आणि दार थोडं लवकर मिटू लागतं. पण ते भिंतीत चिणून टाकलं जात नाही. (मॅग्नेशियमच्या गोळ्या शोधायला निघू नका. बुचाचं काम अडवण्याचं आहे, आणि स्मरणशक्ती बाटलीत भरून विकणाऱ्यांना हे दार कुठं असतं तेही ठाऊक नसतं.)

आता मार्करकडे येऊ. २०१२ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या कापांवर एक प्रयोग झाला. एकदा बळकट केलेल्या सांध्यांना दहा किंवा तीस मिनिटांनी पुन्हा तसाच संदेश दिला, तर वाढीव फायदा शून्य. तासाभरानं दिला, तर बळकटी आणखी वाढली; पहिल्या फेरीत हुकलेले सांधे दरम्यान बळकट व्हायला सज्ज झाले होते. लागोपाठ चार वाचनं का वाया जातात, याचा थोडा अंदाज यातून येतो. थोडाच, कारण काचेतला काप म्हणजे आत्या नव्हे.

माणसांवरचा पुरावा वेगळा आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणारे ४२, आठवणारे ५६. पुन्हा वाचताना 'येतंय की' असं वाटतं ना, ते त्या पहिल्या पाच मिनिटांपुरतं.

आत्यानं आता पान उभं दुमडून अर्थाची बाजू झाकली आहे आणि रोज एकदाच बसते. परवा वीसपैकी अकरा शब्द आठवले. उरलेल्या नवांवरून बोलणी मलाच बसली.