बोटॉक्स की फिलर : कपाळावरची आठी वेगळी, गालावरची घडी वेगळी

चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी जी सुई टोचतात ती बोटॉक्सचीच, असा समज अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत ऐकू येतो. त्यापायी माणसं भलत्या सुरकुतीवर भलतंच औषध मागतात. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर खोलगट जागा भरतो. दोन्ही सुईनेच देतात, पण त्यांचं काम वेगळं, टिकण्याचा काळ वेगळा आणि धोका तर फारच वेगळा.

आधी आरशासमोर बसा. चेहरा सैल सोडा, मग आठ्या घाला. आठी घातल्यावरच रेघ उमटत असेल, तर ती स्नायूने पाडलेली आहे. हर्णैच्या बंदरावर उन्हाची तिरीप चुकवायला डोळे बारीक करणाऱ्यांच्या भुवयांमध्ये आणि डोळ्यांच्या कडेला या रेघा लवकर येतात. इथे बोटॉक्स. बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन; हे जिवाणूने तयार केलेलं विष अगदी सूक्ष्म मात्रेत स्नायूत टोचतात. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून स्नायूला आकसायला सांगतो, ते सोडणंच हे औषध अडवतं. स्नायू सैलावला की वरची कातडी सपाट होते. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पुरता दिसायला दोन आठवडे लागतात आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो.

हे औषध मुळात सौंदर्यासाठी आलंच नव्हतं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना पापण्यांवर उपचार करताना रुग्णांच्या आठ्याही विरत असल्याचं दिसलं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २००२ मध्ये.

आता दुसरी सुरकुती. चेहरा सैल असतानाही नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी दिसते, गाल खाली ओघळल्यासारखे वाटतात. वयाबरोबर गालातली चरबी ओसरते, हाड झिजतं, उन्हाने कातडीला घट्ट धरणारं कोलॅजन तुटतं. स्नायू सैल करून ही खोलगट जागा भरत नाही. उलट तिथे बोटॉक्स दिलं तर हसण्याचेच स्नायू ढिले पडून हसू वाकडं व्हायचं. इथे फिलर. बहुतेक फिलर हायल्युरोनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या कातडीतही असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्याची जेल भरली की फरक लगेच दिसतो आणि जागेनुसार सहा महिने ते दीड वर्ष राहतो. जुनी, खोल रुतलेली आठी नुसत्या बोटॉक्सने पुरती जात नाही हेही खरं. पण म्हणून भुवयांमध्ये फिलर घ्यायची घाई करू नका.

कारण धोका. बोटॉक्स बिघडलं तर सहसा पापणी लोंबते किंवा भुवई वरखाली होते. त्यावर उतारा नाही, पण काही आठवड्यांत ते आपसूक उतरतं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरू शकते, आणि क्वचित दृष्टी जाते. भुवयांमधली जागा आणि नाक सगळ्यात जोखमीचं. असह्य दुखणं, कातडी पांढरी पडणं, नंतर जाळीदार निळसर डाग ही लक्षणं. सावळ्या रंगावर पांढरेपणा पटकन कळत नाही, म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष नको. दिसायला अचानक कमी आलं तर क्षणभरही थांबू नये. हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं हायल्युरोनिडेज वेळेत टोचलं तर कातडी वाचू शकते. पण कॅल्शियमचे फिलर त्याने विरघळत नाहीत.

कोकणातल्या माणसाने निर्णय याच मुद्द्यावर घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. मुंबईत दुपारी फिलर घेऊन रात्री कोकणकन्येत बसलात आणि चिपळूणच्या आसपास गाल दुखायला लागला, तर हायल्युरोनिडेज देणारा डॉक्टर कुठे शोधणार? रात्र मुंबईतच काढा. त्याहून बरं म्हणजे आपल्या जिल्ह्यातला त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा आणि सुई घेण्याआधीच विचारा : हायल्युरोनिडेज इथे ठेवलंय का, रात्री फोन उचलाल का? पार्लरमध्ये यातली कुठलीच सुई घेऊ नका, स्वस्तात मिळाली तरी.

पैशांचा हिशेबही वेगळा आहे. बोटॉक्स युनिटवर मोजतात, फिलर मिलिलिटरच्या सिरिंजवर. निरनिराळ्या कंपन्यांच्या टॉक्सिनची युनिटं सारखी नसतात, म्हणून नुसत्या आकड्यांवरून दर ताडून पाहू नका. बोटॉक्सची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला लाजू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने दोन्ही टाळावं, आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्याने बोटॉक्स टाळावं.

गणपतीला माणसं जमण्याआधी करून घ्यायचं असेल तर नारळी पौर्णिमेच्या सुमारास घ्या. चतुर्थीपर्यंत साधारण अडीच आठवडे हाताशी राहतात. तेवढ्यात बोटॉक्सचा परिणाम पुरता दिसतो, फिलरची सूज आणि काळंनिळं बहुतेक ओसरतं, आणि काही कमीजास्त वाटलं तर डॉक्टरांना पुन्हा दाखवायलाही वेळ मिळतो.