ब्रेकमधील हवा काढणे

हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा द्रवाबरोबर बाहेर घालवण्याची क्रिया. गॅरेजात तिला ‘ब्लीडिंग’ किंवा नुसते ‘एअर काढणे’ म्हणतात. केबलने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकला तिची गरज नसते. अवजड वाहनांच्या एअर ब्रेकमध्ये तर हवा हेच माध्यम. तेथे उलट हवेच्या टाकीत साचलेले पाणी सोडावे लागते.

द्रव दाबाखाली फारसा आकसत नाही, हवा आकसते. १२.७ मिमी. व्यासाच्या मास्टर सिलिंडरमधील (लिव्हर वा पेडल दाबल्यावर द्रव नळीत ढकलणाऱ्या नळकांड्यातील) दट्ट्या १ सेंमी. सरकला, तर जेमतेम १.२७ घ. सेंमी. द्रव पुढे जातो. नळीत १ घ. सेंमी.चा बुडबुडा असल्यास बहुतेक चाल तो दाबण्यातच खर्ची पडते आणि लिव्हर मुठीला टेकते. घाट उतरताना ब्रेक ‘स्पंजी’ (दाबताना मऊ) होतो तेव्हा मात्र दोष बहुधा तापलेला द्रव उकळून झालेल्या वाफेचा असतो. ग्लायकॉलयुक्त द्रव ओलावा शोषतो. डॉट ४ (ब्रेक-द्रवाची एक प्रमाणित प्रत) द्रवाचा किमान उत्कलनबिंदू नवा असताना २३०° से., तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५° से. धरतात. गार झाल्यावर वाफ विरते, ब्रेक पुन्हा बरा लागतो आणि तक्रार खोटी ठरते. येथे सगळा द्रवच बदलणे योग्य. (‘ब्रेक ऑइल’ हे रूढ नाव फसवे आहे, या ब्रेकमध्ये खनिज तेल घातल्यास रबरी सील फुगतात.)

हायड्रॉलिक ब्रेकचे श्रेय सामान्यतः माल्कम लॉकहीड यांना, १९१७ च्या सुमारासच्या कामासाठी देतात. १९२१ च्या दुसेनबर्ग मॉडेल ए मोटारीत तो चारही चाकांना होता. तत्सम कल्पना युरोपात आधीही मांडल्या गेल्याने त्यांना आद्य संशोधक म्हणण्यापेक्षा तो व्यवहारात आणणारे म्हणणे सयुक्तिक. दुचाकींत १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून हायड्रॉलिक डिस्कचा प्रसार झाला. लँब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला डिस्क त्याआधीच, १९६२ मध्ये आली होती, पण ती केबलवर चाले. तेव्हा डिस्कचा आणि हवा काढण्याचा इतिहास एकच धरू नये.

नेहमीच्या रीतीला दोन माणसे लागतात. ‘मार, मार, धर’ म्हटल्यावर एकजण पेडल दाबून धरतो. दुसरा चाकाजवळचा निपल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) पाव आटा सैल करतो. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडालेले असते, त्यातून बुडबुडे निघतात. निपल आवळल्यावरच ‘सोड’. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते. सहसा मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घेतात. कर्णरेषेत विभागलेल्या नळ्यांच्या गाडीत उत्पादकाने दिलेला क्रम प्रमाण मानावा.

मोटारसायकलची लिव्हर रात्रभर सुतळीने मुठीला बांधून ठेवण्याची रीतही आहे. सकाळी लिव्हर कडक लागते, हे खरे. कारणाबद्दल मात्र मतभेद आहेत. बुडबुडे रात्रीतून ब्रेक-द्रवाच्या टाकीत चढतात, असे एक मत. पण लिव्हर ओढलेली असताना दट्ट्या टाकीकडचे छिद्र ओलांडून पुढे गेलेला असतो, वाट बंद असते. दाबाखाली बुडबुडे लहान होऊन नळीच्या भिंतीवरून सुटतात, वर जमतात आणि लिव्हर सोडल्यावर टाकीत जातात; थोडी हवा द्रवात विरघळते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. विरघळलेली हवा द्रवातच राहत असल्याने हा गुण तात्पुरता ठरू शकतो.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) असलेल्या वाहनांत नियंत्रक खोक्यात अडकलेली हवा काढण्यासाठी काही वेळा स्कॅनर जोडून आतील झडपा चालवाव्या लागतात.